बोटीवरचा डॉक्टर मेला कसा?

बॅटरीकाकांसमोर कोणी 'सहज आलो होतो' असं म्हटलं, की ते आधी त्याच्या हातांकडे बघत. सहज येणाऱ्या माणसाच्या हातात काय काय असतं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. कालच्या खेळाचं अर्धं फाडलेलं तिकीट, कोटाच्या आत दडवलेली खाण्याची पुडी, नाहीतर 'हा अजून लहान आहे, मांडीवर बसेल' म्हणून पुढे केलेला एखादा मुलगा, ज्याला मिसरूड फुटलेलं असे.

सिनेमागृहाच्या दारात काकांनी उभा जन्म काढला. इथे 'उभा' हा शब्द अक्षरशः घ्यायचा, कारण डोअरकीपरला खुर्ची नव्हती. तिकीट फाडायचं, बॅटरीच्या उजेडात माणसाला त्याच्या जागेवर नेऊन सोडायचं आणि मग पडद्याकडे पाठ करून गर्दीवर नजर ठेवायची. कोण पुढच्या खुर्चीवर पाय टाकतोय, कोण सिगरेट पेटवतोय, कोण स्वस्ताच्या रांगेतून अंधारात सरपटत महागाच्या रांगेकडे निघालाय. मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "सिनेमा बघायला एवढी माणसं आहेत. तुला पगार मिळतो तो माणसं बघायला." काकांनी मनाशी खूणगाठ बांधली आणि ती कधी सोडली नाही. वर बसून यंत्र चालवणारा म्हणे, "अरे, गाणं तरी बघ की!" काका म्हणत, "गाण्यातच लोक आत घुसतात."

पुढे सिनेमागृह बंद पडलं. तिथे गाद्यांचं दुकान झालं. बॅटरी हातातून सुटली, नाव मात्र चिकटून राहिलं आणि सवयही. घराची घंटा वाजली, की काका दाराच्या भोकातून बघत, मग 'कोण?' विचारत आणि उत्तर मिळाल्यावर पुन्हा भोकातून बघत.

"बाबा, मी आहे," त्यांचा मुलगा बाहेरून ओरडे. तो नोकरीनिमित्त परगावी असायचा आणि सुट्टीला घरी यायचा.

"ते दिसतंय. बरोबर कोण आहे?"

"माझी बॅग!"

अशा माणसाच्या घरात एके दिवशी काकू स्टुलावरून पडल्या. पंख्यावरची धूळ पुसत होत्या. पायाचं हाड मोडलं, गुडघ्याच्या वरपर्यंत प्लास्टर बसलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, की आता काही आठवडे बिछाना सोडायचा नाही. काकू हसतमुख बाई. दुखत असलं तरी येणाऱ्याला आधी त्याचंच विचारायच्या. पण नुसतं पडून राहणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दोन दिवसांत त्या छताकडे बघून सुस्कारे टाकायला लागल्या.

त्यांची सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती. लोकांच्या नाकावर ती जड चौकट ठेवून काचा बदलत राहायची आणि विचारायची, "आता नीट दिसतंय, की मघाशी दिसत होतं?" दिवसभर हेच विचारून विचारून तिला घरीही तसंच बोलायची सवय लागली होती. भाजी पुढे केली तरी "ही बरी, की कालची बरी होती?" बॅटरीकाकांना ही आपली उलटतपासणी वाटे.

तिसऱ्या दिवशी तिने सासूच्या पायथ्याच्या भिंतीवर एक भलामोठा टीव्ही आणून टांगला.

"आई, यात सगळं मिळतं. जुने सिनेमे, नवे सिनेमे, म्हणाल ते. आणि काय लावायचं ते बाबा ठरवतील. एक जुना, एक नवा, एक हसवणारा, एक रडवणारा, असे मिसळून सांगा हं बाबा. तुमच्यासारखं जाणकार कोण आहे दुसरं?"

बॅटरीकाकांच्या मनात पाल चुकचुकली. सून चांगली होती, पण स्तुती करणारी नव्हती. 'जाणकार' हा शब्द तिने कुठून काढला? आणि एवढी शिकलेली मुलगी, बोट लावलं की टीव्ही स्वतःच यादी दाखवतो, तरी मलाच का विचारते?

"मला काय कळतंय नव्यातलं," काका म्हणाले.

"असं काय करता?" काकू उशीवरून उठू लागल्या. "जन्म गेला तुमचा सिनेमे बघण्यात!"

काकांनी टीव्हीकडे पाठ फिरवली. कारण जन्म गेला होता खरा, पण सिनेमे बघण्यात नव्हे. एकही सिनेमा त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलेला नव्हता आणि हे काकूंना माहीत नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात काकांनी नव्या नवरीला सिनेमाला बोलावलं. काकू नवे कपडे घालून, केस नीट विंचरून दारात येऊन उभ्या राहिल्या. पण त्या दिवशी तुडुंब गर्दी होती, आणि काकांनी धरून ठेवलेल्या खुर्चीवर मॅनेजरची मेहुणी येऊन बसली. मॅनेजरला कोण काय बोलणार? काकू थोडा वेळ दाराशी थांबल्या आणि 'पुन्हा कधीतरी' म्हणून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी दोन खेळांच्या मधल्या सुट्टीत काका जेवायला घरी आले, तेव्हा बायकोचा चेहरा त्यांच्याने बघवेना. म्हणून ते म्हणाले, "चल, मी तुला सांगतो काय होता सिनेमा."

त्यांना माहीत होतं ते एवढंच, की सुरुवातीला एक बाई गाडीतून उतरते आणि मध्यंतरानंतर बायकांच्या रांगेतून नाकं ओढल्याचे आवाज येतात. मधलं सगळं त्यांनी तिथल्या तिथे रचलं. बाई का उतरली, कोणाला शोधत होती, रडण्याजोगं काय झालं. काकूंचा घास हातातच राहिला.

"मग?" त्या म्हणाल्या.

या 'मग'ने काकांचा घात केला. दुसऱ्या दिवशी नवा 'मग', तिसऱ्या दिवशी आणखी एक. पुढे मालकांनी मोठ्या सिनेमागृहात प्लायवूडच्या भिंती घालून त्याचे तीन छोटे भाग केले आणि तिन्ही दारं एकट्या काकांच्या गळ्यात घातली. त्या भिंती इतक्या पातळ होत्या, की एक नंबरमधल्या लग्नाला दोन नंबरमधली वरात यायची. काका मधल्या बोळात उभे. एका दारातून समुद्र दिसे, दुसऱ्यातून गोळीचा आवाज येई आणि तिसऱ्यात कोणीतरी हुंदके देत असे. दुपारी घरी आले, की या तिन्हींचा मिळून एक सिनेमा व्हायचा. दोन नंबरची गोळी बिनदिक्कत एक नंबरच्या नवऱ्याला लागायची आणि तीन नंबरची बाई त्याच्यासाठी रडायची.

काकूंनी पुन्हा कधी 'मला न्या' म्हटलं, तर काका खुर्च्यांत ढेकूण झालेत असं सांगत. ढेकूण नव्हते. भीती होती. तिने एकदा खरा सिनेमा बघितला तर आपलं बिंग फुटेल आणि तो घास हातात थांबायचा बंद होईल. नोकरी सुटली तरी दुपारच्या जेवणाला काकू म्हणत, "तो सांगा ना, तो अमका." काका तो सांगत. आणि आता सुनेने भिंतीवर तो काळा पाट टांगला होता, ज्याच्यात सगळे खरे सिनेमे भरलेले होते. काकूंना कळलं तर एवढ्या वर्षांच्या सगळ्या दुपारी खोट्या ठरणार होत्या.

काकांनी सावध पवित्रा घेतला. जे सिनेमे कधी सांगितले नाहीत, तेच सुचवायचे. अडचण अशी, की त्यांना सिनेमांची नावं फारशी आठवत नसत. त्यांच्या डोक्यात सिनेमे माणसांवरून लावलेले होते. काही 'रुमालाचे' होते. काही 'घोरण्याचे', काही 'मागच्या रांगेचे', म्हणजे जोडपी येऊन बसायची ते. आणि काही 'दारावरचे', ज्यांत लोक शेवट व्हायच्या आत उठून दाराशी गर्दी करत.

"पहिला जुना घे," ते सुनेला म्हणाले. "तो, ज्यात मागची रांग उठून उभी राहायची."

"बाबा, यात मागची रांग शोधता येत नाही. गोष्ट सांगा."

"आगगाडीत चोरी होते आणि चोर म्हणजे स्वतः गार्डच."

एवढं बाहेर पडणाऱ्या लोकांच्या बोलण्यातून काकांच्या कानावर आलं होतं. तो नेमका सापडला. काकू आनंदाने बघत बसल्या. दुसऱ्या दिवशी नवा, शाळेतल्या बाईंचा. तो रुमालाचा निघाला, ठरल्याप्रमाणे. "रडक्यामागे रडका लावायचा नाही," काकांनी सुनेला बजावलं. "लोक तिकडे फिरकत नाहीत. आता हसवणारा घे. तो, ज्यात म्हातारा बाप मोठ्या पलंगावर झोपलेला असतो. लोक अक्षरशः लोळायचे."

तो लावला. म्हातारा बाप पलंगावर झोपलेला नव्हता, मेलेला होता. मुलं उशाशी बसून ढसाढसा रडत होती. काकू रडल्या, सून रडली. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. मग त्यांना आठवलं, की त्या प्रसंगाला मधल्या रांगेतल्या एका लठ्ठ व्यापाऱ्याची खुर्ची मोडली होती आणि लोक त्याला हसले होते.

"बाबा, हा हसवणारा?" सुनेने डोळे पुसत विचारलं.

"आमच्याकडे हसायचे," काका म्हणाले. ते खोटं नव्हतं.

सून त्यांच्याकडे बघत राहिली. नाकावर चौकट ठेवून काच बदलताना ती बघते तशी. काकांना वाटलं, झालं, हिला वास लागला.

त्या दिवसापासून त्यांचे कान टवकारलेलेच. सून दुकानातून फोन करून सासूशी बोलते, ते काय बोलते? काकू हल्ली 'जरा फिरून या' म्हणून दुपारी त्यांना बाहेर का पिटाळतात? पूर्वी तर 'उन्हाचे जाऊ नका' म्हणत. कुठेतरी पाणी मुरत होतं.

आणि मग काकूंनी बॉम्ब टाकला.

"आज मला तो लावून द्या," त्या म्हणाल्या. "बोटीवरच्या डॉक्टरचा."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. बोटीवरचा डॉक्टर म्हणजे त्यांच्या सगळ्या गोष्टींचा राजा. काकूंना सर्वांत लाडका. एक तरुण डॉक्टर बोटीवर असतो. वादळात बोट फुटते. तो लाटांत वाहत जातो. तिकडे दीपगृहात एक मुलगी रोज दिवा लावून वाट बघते. तिच्या दुष्ट मामाला डॉक्टरचं येणं नको असतं, म्हणून तो बंदूक घेऊन बसतो. गोळी सुटते, पण ती मामाच्याच पायात शिरते, आणि डॉक्टर भिजलेल्या अंगाने जिना चढून येतो आणि आधी मामाचा पाय बांधतो. मग लग्न. "आधी पाय बांधतो!" काकू प्रत्येक वेळी म्हणायच्या. "याला म्हणतात डॉक्टर."

"तो मिळायचा नाही," काका घाईघाईने म्हणाले. "फार चालला नाही तो. नावही बदललं असेल."

"बघते ना मी," सून म्हणाली. "बोट, डॉक्टर, वादळ. एवढं पुरे."

तिला सापडला. काका खोलीच्या दारातच उभे राहिले, पाठ भिंतीला लावून, जुन्या सवयीने. काकू बघत होत्या. बोट आली. डॉक्टर आला. तो अगदी तसाच होता, गोरटेला, केस कपाळावर आलेले. एवढं काकांनी एक नंबरच्या दारातून बघितलं होतं. वादळ झालं. बोट फुटली. आणि डॉक्टर बुडाला. कायमचा. त्याची आई किनाऱ्यावर आली आणि पडद्यावर नावं वर सरकू लागली. दीपगृहाचा कुठे मागमूस नव्हता.

"हा तो नव्हेच," काकू म्हणाल्या.

"नाव तर, आई..."

"कापलाय हा. या असल्या डब्यात सगळं कापून दाखवतात. डॉक्टर मरेल कसा? हे काय खोटं सांगतील का मला?"

काका सुटले म्हणायला हरकत नव्हती, पण त्यांना ते पटेना. काकू फार लवकर बोलल्या होत्या. दारात तिकीट न काढता आलेला माणूस असंच बोलतो, विचारायच्या आत, मोठ्याने. आणि 'हे काय खोटं सांगतील का' हे वाक्य सरळ होतं की टोमणा होता? काकूंचा चेहरा टीव्ही बंद झाल्यावर अंधारात गेला होता. हातात बॅटरी असती तर?

चार-पाच दिवस गेले. एका दुपारी काका फिरायला म्हणून निघाले आणि गल्लीच्या टोकावरून परत वळले. डोअरकीपरचे बूट रबरी तळव्यांचे असतात. काकांनी ते अजून जपून ठेवले होते. जिन्यावर पावलांचा आवाज झाला नाही. दार हळूच लोटलं. खोलीतून सुनेचा आवाज येत होता. या वेळी ती दुकानात असायला हवी होती.

"आई, तिसराही सापडला."

"लाव, लाव. ते यायच्या आत."

"पण बाबांना सांगायचं की नाही?"

"वेडी का काय तू? त्यांना कळलं तर सगळं बंद पडेल!"

काका खोलीबाहेरच्या बोळात उभे राहिले. दाराच्या फटीतून पडद्याचा उजेड येत होता, निळा, हलणारा. पलीकडे गोळीचा आवाज झाला आणि काकू चक्क हसल्या. उभ्या जन्मात त्यांनी किती दारं उघडली, किती लबाड उजेडात ओढून काढले. हे दार मात्र त्यांच्याने उघडवेना. तिसरा म्हणजे काय ते त्यांना कळलं होतं. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. आता दारात आपणच बिनतिकिटाचे ठरलो, आणि दोघी आत बसून हसताहेत.

ते आल्या पावली खाली गेले, गाद्यांच्या दुकानापर्यंत चालत जाऊन आले आणि घरी येताना मुद्दाम घंटा वाजवली.

दुसऱ्या दिवशी जेवताना काकू म्हणाल्या, "सांगा काहीतरी."

"काय सांगायचं? दिवसभर बघतेस की खरे खरे."

"ते वेगळं."

"मीठ दे," काका म्हणाले.

मीठ काकांच्या हाताशीच होतं. काकूंनी ते उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. मग रोज तसंच झालं. काका जेवत आणि उठत. सुनेने विचारलं, "बाबा, उद्या काय लावू?" तर म्हणाले, "तुझं तूच बघ, तुला तिसराही सापडतो." सून चपापली. सासूने तिला डोळ्यांनी गप्प केलं, आणि तो इशाराही काकांच्या नजरेतून सुटला नाही.

प्लास्टर निघालं. काकू काठी घेऊन घरातल्या घरात चालू लागल्या आणि एके सकाळी म्हणाल्या, "मला सिनेमाला जायचंय. खऱ्या, अंधाराच्या. तुमच्याबरोबर."

सुनेने लगेच पर्समधून दोन तिकिटं काढली. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक लहानसं सभागृह होतं. तिथे आठवड्यातून एकदा दुपारी एखादा जुना सिनेमा दाखवत. काकांनी तिकिटं उजेडाकडे धरून बघितली. आधीच काढलेली! म्हणजे कट शिजलेला होता. आता हिला मला तिथे बसवून, पडद्यासमोर, रंगेहाथ पकडायचं आहे. काय कळतं मला सिनेमातलं ते बघायचं आहे.

"मी पोचवतो आणि बाहेर थांबतो," ते म्हणाले.

"मग लग्नाच्या महिन्यातल्यासारखंच की," काकू म्हणाल्या. "तेव्हा मी बाहेर थांबले, आता तुम्ही थांबा."

काका बूट चढवून बरोबर गेले.

सभागृहाच्या दारात एक मुलगी मोबाइल बघत बसली होती. तिने तिकिटांकडे ढुंकून बघितलं नाही. "बसा कुठेही," ती म्हणाली. काकांना ते ऐकवेना. कुठेही? मग रांगा कशाला आखल्या? ते काकूंना कडेच्या खुर्चीपर्यंत घेऊन गेले, त्यांचा पाय पुढे लांब करता येईल अशा बेताने बसवलं आणि स्वतः शेजारी टेकले. दिवे गेले. लगेच त्यांची मान मागे वळली. तिसऱ्या रांगेत कोणीतरी पिशवी कुरकुरवत होतं. एक उशिरा आलेला माणूस अंधारात चाचपडत होता आणि त्याला कोणी वाट दाखवत नव्हतं. काका अर्धे उठले.

"पुढे बघा," काकू कुजबुजल्या.

"तो पडेल."

"नाही पडत. बघा पुढे."

सिनेमा जुना होता, काळा-पांढरा. परदेशी गेलेला एक मुलगा बऱ्याच वर्षांनी आईकडे परत येतो, पण तो खरंच तिचा मुलगा आहे की कोणी तोतया, हे कळत नाही. काकांना तो माणूस पहिल्या क्षणापासून संशयास्पद वाटला. तो हात खिशातून काढत नव्हता. आई त्याच्यापुढे ताट ठेवते आणि त्याच्याकडे एकटक बघते, तेवढ्यात मध्यंतर झालं.

दिवे लागले. काकूंनी पाय जरा हलवला आणि विचारलं, "मग?"

काकांनी खाली मान घातली. "मला काय माहीत?"

"तेच म्हणते. तुम्हाला काय माहीत! म्हणून तर विचारते."

मग काकूच बोलू लागल्या, नेहमीच्या हसऱ्या आवाजात, पण जरा हळू.

"तीन दारं होती ना तुमची? तेव्हा तिन्हींत जे लागले होते, ते शोधून बघितले आम्ही. डॉक्टर बुडाला एक नंबरात. दीपगृहातली ती पोरगी तर कोणाचीच वाट बघत नव्हती हो, भावाशी भांडत होती नुसती. आणि गोळी! ती बँक लुटणाऱ्यांची. कुठली गोळी कुठल्या मामाच्या पायात घातलीत तुम्ही! मी हसून हसून बेजार. प्लास्टर हललं माझं."

"मला हसलात," काका म्हणाले.

"मामाला हसलो. आणि एक सांगू? खरा सिनेमा बघून मला त्या डॉक्टरचं फार वाईट वाटलं. म्हटलं, तिथे कोणी काही केलं नाही त्याच्यासाठी. आमच्या यांनी वाचवला तरी."

काकांनी बायकोकडे बघितलं. मग संशय पुन्हा वर आला, जसा तो येतोच. "मग बंद काय पडणार होतं? मी ऐकलंय सगळं. 'त्यांना कळलं तर सगळं बंद पडेल.'"

"तुमचं सांगणं! दुसरं काय? कळलं असतं तर तुम्ही लाजून गप्प बसला असतात. आणि बसलातच ना? इतके दिवस नुसतं मीठ दे, मीठ दे."

सभागृहातली माणसं चहाचे कप घेऊन परत येऊ लागली होती.

"सांगा आता," काकू म्हणाल्या. "दिवे जायच्या आत. त्यांचा लागायच्या आधी आपला होऊन जाऊ दे."

काकांनी घसा खाकरला. त्यांच्यापाशी तीन दारं नव्हती, एकच होतं. पण आई होती, ताट होतं आणि खिशातले हात होते. "तो मुलगा," ते म्हणाले, "तो तिचा नाहीच. पण आईला ते दारातच कळलंय."

"अगं बाई! मग?"

"मग ती त्याला जेवायला वाढते. कारण तो खरा कोणाचा, ते तिला काढून घ्यायचंय. आणि तो हात खिशातून का काढत नाही? तर त्याच्या हातात खऱ्या मुलाची..."

बोलता बोलता काकांचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं. काकूंच्या हातातला बिस्किटाचा तुकडा तोंडापर्यंत जाऊन थांबला होता. ओठ किंचित उघडे. डावी भुवई वर. हा चेहरा खोटा काढता येत नाही. मनापासून बघणारा माणूस कोणता आणि बघण्याचं सोंग आणणारा कोणता, हे काकांना अंधारातही कळायचं. त्यांच्याकडे एवढीच एक विद्या होती. पण ती विद्या या एका चेहऱ्यावर त्यांनी कधी वापरलीच नव्हती. हा चेहरा त्यांच्या दारातून कधी आत आला नव्हता.

दिवे गेले, आणि काकांना पुरती खात्री करून घ्यायची होती. जेवताना ती मला खूश करायला तसं करत असेल, तर? त्यांनी पडद्याकडे पाठ केली नाही, पण खुर्चीत तिरके झाले. पडद्याचा उजेड काकूंच्या गालावर हलत होता. सिनेमा पुढे सरकला. तिकडे मुलगा खरा निघाला असावा, कारण संगीत मोठं झालं आणि मागच्या रांगेतून रुमालाचे आवाज आले. काकूंनी बघितलं, नीट बघितलं, मध्येच पाय खाजवला, एकदा जांभई दाबली. भुवई जागची हलली नाही.

"आपला बरा होता," त्या शेवटी कुजबुजल्या.

काकांनी यावर विश्वास ठेवला. पुरावा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी तपासला होता. मग त्यांनी मान सरळ केली आणि समोर बघितलं. पडद्यावर नावं वर सरकत होती. हाही सिनेमा बघायचा राहून गेला होता.

घरी सुनेने दार उघडलं. "कसा होता, बाबा? चांगला, की बरा?"

"बस, सांगतो," बॅटरीकाका म्हणाले आणि आधी दाराला आतून कडी घातली.